चाचांचा ॲटलास

करीमचाचा प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा उघडत, तेव्हा आधी दिवे लावत नसत. आधी कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या सांगाड्याच्या मानेवर दोन बोटं टेकवत आणि विचारत, "काय ॲटलासशेठ, काल कुनाकुनाचं ओझं उचललं?" मग दिवे, मग पंखा, मग आम्ही.

चाचा बीडच्या आमच्या कॉलेजात परिचर होते. शिक्षण सातवी. आधी बरीच वर्षं ते भूगोल विभागात होते. तिथे नकाशांच्या जाड पुस्तकाला ॲटलास म्हणतात, हे ते पुस्तक उचलून उचलून त्यांना कळलं. त्याच पुस्तकात आफ्रिकेच्या माथ्यावर त्याच नावाचा डोंगर निघाला. बदली होऊन आमच्याकडे आले, तर मानेच्या पहिल्या मणक्याचं नाव तेच, आणि भिंतीवरच्या काचपेटीतल्या ताटलीएवढ्या पतंगाचंही तेच. चाचांना राहवेना. त्यांनी आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमना गाठलं. मॅडमनी ग्रीक लोकांची गोष्ट सांगितली: ॲटलास नावाचा एक दांडगा देवांशी लढून हरला आणि शिक्षा म्हणून आभाळ खांद्यावर घेऊन उभा राहिला.

"मग सुटला कवा?"

"सुटलाच नाही."

"तरी बरं, परमनंट तरी हाय," चाचा म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी ते नाव वाटायला घेतलं.

कॅन्टीनच्या लंगड्या टेबलाखालची वीट ॲटलास झाली. तेलगावहून तीन पिशव्या लटकवून येणारा मुलगा ॲटलास झाला. सगळ्यांची कामं अंगावर घेणारे हेडक्लार्क 'छोटा ॲटलास' झाले. कॅन्टीनवाला तर मोठ्या ग्लासातल्या चहाला ॲटलास म्हणू लागला. मॅडम चिडल्या, "चाचा, ते शास्त्रीय नाव आहे."

"नाव मजबूत हाय, मॅडम. लई वापरलं तरी झिजत न्हाई."

माझी अडचण वेगळी होती. मला लिहिता यायचं, पण तोंडी परीक्षेत तोंडच उघडायचं नाही. बाहेरून आलेल्या सरांनी पाच प्रश्न विचारले, मी पाचही वेळा टेबलाकडे बघितलं. नापास झाले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जातात. तोडीला जोडी लागते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. वडील म्हणाले होते, आणखी एकदा बघू, न्हाईतर लग्न. म्हणजे मी अर्धा कोयता होणार होते.

चाचांना हे कळलं. "येतंय तरी बोलत न्हाईस, कावून?"

"समोरच्याला माझ्यापेक्षा जास्त येतं, म्हणून भीती वाटते."

"मग ज्याला कमी येतं त्याला सांग की." ते स्टूल ओढून समोर बसले, तोंड थोडं उघडं ठेवून, काहीच न येणाऱ्या माणसासारखे. रोज अर्धा तास.

एप्रिलमध्ये आई तोडीवरून परतली आणि मला भेटायला कॉलेजात आली. चाचांनी सुट्या हाडांतला तो ॲटलास मणका तिच्या हातात ठेवला.

"कुनाचं हाड म्हनायचं हे?" आईने विचारलं.

"कॉलेजचं हाय, ताई. काम तुमची लेक सांगंल."

मी अडखळत सांगितलं की डोक्याचा सगळा भार या गोल मणक्यावर टेकतो. आईने तो बोटांत फिरवला. "आगं, ही तर चुंबळ हाय," ती म्हणाली. डोक्यावर उसाची मोळी घेताना खाली कापडाची गोल गुंडाळी ठेवतात, ती चुंबळ. "मोळी चुंबळीवर, चुंबळ डोक्यावर, आन डोकं पुन्हा चुंबळीवर. देवानं दोन दिल्या व्हय?"

चाचा स्टुलावरून उठले. "इतकी वर्सं पुसतोय ह्ये हाड, मला कधी दिसलं न्हाई." मग सांगाड्याकडे वळून म्हणाले, "शेठ, सरका. मालकीनबाई आल्या."

परीक्षेला तेच सर आले. चाचांनी हाडांचा ट्रे आणून ठेवला. सरांनी मणका उचलला. "ॲटलास म्हणजे काय?"

मी टेबलाकडे बघितलं. पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज झाला. चाचा सरांच्या पाठीमागे बसले होते, तोंड थोडं उघडं ठेवून.

"तुम्ही कशाला बसलात?" सर म्हणाले.

"पाय दुखतेत, सर."

मग मी चाचांना सांगायला लागले. पुस्तक सांगितलं, डोंगर, पतंग, आभाळवाला, वीट, चहा, आणि मग मणका: त्याचा आकार, त्याचे सांधे, आईची चुंबळ. सरांनी दोनदा थांबवायला हात वर केला. मी म्हटलं, "एक मिनिट, सर." असं मी कुणाला म्हणेन, हे मलाच माहीत नव्हतं.

मी पास झाले. वडिलांनी निकाल ऐकून एवढंच विचारलं, "पुढचं वर्स कवा सुरू व्हतंय?"

त्याच उन्हाळ्यात चाचा निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, मॅडम म्हणाल्या, "चाचा, दोन शब्द बोला."

"माझ्या वाटचं ही पोरगी बोलंल."

मी उभी राहिले. प्राचार्य, सगळे सर, मॅडम समोर बसलेले. चहा निवला, समोसे मऊ पडले, प्राचार्यांनी घड्याळ दोनदा पाहिलं, आणि माझं बोलणं अजून चाचांच्या भूगोल विभागातल्या दिवसांपर्यंतच आलं होतं. शेवटी चाचांनीच शाल सावरत माझी ओढणी ओढली.

"बस कर, बेटा. मला घरला बी जायचंय."