ट्रकवरचा चिखल

माझे बाबा फौजेत ड्रायव्हर होते. सतरा वर्षं त्यांनी तीन टनी ट्रक चालवला, पहाडात, बर्फात, वाळूत. निवृत्त होऊन बिरसीजवळच्या आमच्या गावी आले ते थेट धानाच्या बांधीत उतरले. त्या ट्रकचा एकही फोटो त्यांच्याजवळ नव्हता. गेल्या उन्हाळ्यात गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. त्याच दिवशी मी ठरवलं, बाबांना दिसतंय तोवर त्यांचा ट्रक त्यांच्यापुढे उभा करायचा.

मी शाळेत चित्रकला शिकवते. हाताला कामाची सवय आहे आणि हट्ट बाबांकडूनच आलेला. प्लास्टिकच्या सुट्या भागांचा एक विदेशी लष्करी ट्रक मागवला, जेमतेम वीतभर लांबीचा. बाबांच्या ट्रकसारखा काही मिळेना, म्हणून त्यांना विचारून विचारून याचं नाक कापलं, दिवे बदलले, टिश्यू पेपर गोंदात भिजवून मागची ताडपत्री केली. बाबा खाटेवर बसून सांगायचे, "आरसा अजून बाहेर पाह्यजे. मांगचं दिसन कसं?" आम्हा दोघांचं इतकं बोलणं त्याआधी कधीच झालं नव्हतं.

आषाढ सरता सरता ट्रकला हिरवा रंग लागला. बाबा म्हणाले, "झाला ना? आन इकडे, पाहू दे."

"अजून नाही," मी म्हणाले. "आत्ता नुसतं खेळणं दिसतंय."

मोबाईलवर मॉडेल बनवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. नवी कोरी गाडी म्हणजे खोटी गाडी, हे त्या लोकांनी माझ्या डोक्यात भरवलं होतं. मग मी लागले तिला जुनी करायला. स्पंजच्या तुकड्यानं कडांचा रंग उडवला, गंजाचे ओघळ काढले, रंगाची चमक घालवायला फिकट थर दिले. बांधीतली माती वाळवून, साडीच्या तुकड्यातून चाळून, गोंदात कालवून चाकांना लावली. पावसाळी हवेत एकेक थर वाळायला चार-चार दिवस लागायचे. वाळला की मला पसंत पडायचा नाही, मी तो काढून पुन्हा लावायची.

आमच्या गावावरून बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर घिरट्या घालतात. कोणतं कुठे वळतंय ते बाबा मान वर करून सांगायचे. पोळा आला तेव्हा ते नुसते आवाजाकडे तोंड करू लागले होते. मला ते दिसलं होतं, तरी मी चिखलातच गुंतून राहिले. "कायले एवढा वेळ होऊन राह्यला?" त्यांनी दोनदा विचारलं. मी चिडून म्हणाले, "घाई केली तर सगळं वाया जाईल." आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दिवाळीच्या आधी, लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची कापणी सुरू झाली तेव्हा ट्रक तयार झाला. फक्त माती पक्की करणारा वार्निशचा शेवटचा हात राहिला होता. तोवर बाबांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. सकाळी अंगणात मी ट्रक त्यांच्या हातात दिला. त्यांची बोटं ट्रकच्या नाकावरून फिरली, आरसा सापडला तसे ते हसले. मग बोटं चाकांवर येऊन थांबली. त्यांनी अंगठ्यानं खरवडून पाहिलं.

"हे काय होय?"

"चिखल आहे, बाबा. मुद्दाम लावला."

"काऊन?"

"खऱ्या गाडीसारखी दिसावी म्हणून."

"सतरा वर्षांत माह्या गाडीवर साहेबाले बोटभर माती नाही भेटली," ते म्हणाले. "गाडी धुतल्याबिगर मी संध्याकाळी जेवलो नाही कधी."

इतके महिने मी नाक, दिवे, आरसे विचारत होते. ते गाडी कशी ठेवायचे, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

"पाणी आन, बाई. अन् फडकं आन."

मी वाटीत पाणी दिलं, जुन्या धोतराचा तुकडा दिला. त्यांनी ट्रक मांडीवर घेतला आणि आधी चाकं, मग खालची बाजू, असा सावकाश धुवायला घेतला. माझी तीन महिन्यांची मेहनत गढूळ होऊन त्यांच्या कपड्यांवर गळत होती. मी आवाज न करता रडत होते, पण मेहनतीसाठी नाही. आषाढात हाच ट्रक असाच स्वच्छ टेबलावर उभा होता आणि बाबांना दिसत होतं.

पुसून झाल्यावर त्यांनी तो माझ्या दिशेनं वर धरला.

"चमकते का आता गाडी?"

तिची चमक मी माझ्याच हातानं घालवली होती, थरावर थर देऊन.

"चमकते, बाबा," मी म्हणाले. "चेहरा दिसतो तिच्यात."