उजव्या नाकपुडीचं भोक

बाहेरचं, नजर, करणी... असला विषय निघाला की मी चहा संपवून उठणारा माणूस. या कट्ट्यावरसुद्धा पूर्वी नुसता वाचायला आणि मनातल्या मनात हसायला येत होतो. आज लिहितोय, कारण घरात यावर कुणी बोलत नाही.

मी पिंपळे सौदागरचा, मूळ गावातला. जिथे आमचा कांदा व्हायचा तिथे आता सोसायटी आहे, त्यातच चौथ्या मजल्यावर आई, मी आणि माझी बायको रूपाली राहतो. नोकरी चाकणला, गाड्यांचे पार्ट रंगवणाऱ्या कंपनीत. पेंट शॉपचा सुपरवायझर.

माझ्या आधीची आईची दोन मुलं बाळंतिणीच्या खोलीतच गेली. म्हणून मी झाल्यावर बाराव्या दिवशी माझी उजवी नाकपुडी टोचली आणि सोन्याची बारीक बाळी घातली. हे पोर नकोसं, टाकाऊ आहे असं सटवाईला वाटावं, म्हणून तशी पद्धत. मी जगलो. पण चौथीत असताना भांडणात एकानं ती बाळी ओढली. बाळी गेली, भोक राहिलं आणि नाकपुडी फेंदारली ती कायमची. शाळेत मला ‘नथ्या’ म्हणायचे. कंपनीत तर पोरांनी माझ्या नाकाचा स्टिकर करून ग्रुपवर टाकला होता. मीही हसायचो, पण लागायचं राव.

रूपालीची दोन गरोदरपणं चौथ्या महिन्यातच संपली होती. तिसऱ्या खेपेला सातवा सरला, तेव्हा कंपनीचं शटडाऊन लागलं आणि मी ठरवलं — बारशाच्या फोटोत हे नाक नको. पिंपरीतल्या एका डॉक्टरांनी आरशासमोर बसवून समजावलं. दोन्ही नाकपुड्यांच्या बुडातून पाचरीसारखा छोटा तुकडा काढायचा, शेंडा उचलून जरा बारीक करायचा. “आणि हे भोकही शिवून टाकू. खूणसुद्धा राहणार नाही.”

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“नाक कर बारीक, माजं काय न्हाई. पर भोकाला सुई लावू नगंस. बुजायचं तर आपसूक बुजंल.”

“आई, चौतीस वर्षं झाली. आता काय राहिलंय त्यात?”

“खूण हाय ती. रूपाली मोकळी होईस्तवर तरी थांब की रं.”

थांबलो असतो तर सुट्टी गेली असती. मी नाही थांबलो.

ऑपरेशन छान झालं. काही आठवडे वास येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि खरंच — तिसऱ्या आठवड्यात कामावर गेलो तर पेंट शॉपमध्ये थिनरचा वाससुद्धा नाही. पण दुपारी लाईनवर उभा असताना एकदम वास आला... ओव्याच्या धुरीचा. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर ओवा टाकून देतात, ती. अगदी उजव्या खांद्यामागून.

शेजारच्या शिंद्यांना विचारलं. “भाऊ, इथं थिनरशिवाय कशाचा वास येणारे?” ते म्हणाले.

मग रोजच. डॉक्टर म्हणाले, नसा भरून येताना असे भास होतात. मला पटलं. घरी आईला सहज सांगितलं. तिनं परतत असलेल्या भाजीखालचा गॅस बंद केला. त्या दिवसापासून ती रूपालीला एक मिनिट एकटी सोडेना.

नववा लागून आठवडा झाला असेल. सेकंड शिफ्ट होती. सव्वाचारच्या सुमाराला तो वास एकदम तुटला, श्वास अर्धा आत असताना. खरं तर बरं वाटायला हवं होतं. मी लाईन तशीच सोडली. आमचे मोबाईल लॉकरमध्ये असतात. पळत जाऊन काढला तर आईचे अकरा मिस्ड कॉल.

चाकणच्या ट्रॅफिकमधून हॉस्पिटलला पोचेपर्यंत मी कुठल्या कुठल्या देवांची नावं घेतली ते आता सांगायला लाज वाटते. रूपाली ठीक होती. मुलगी झाली होती. सिस्टर म्हणाल्या, “सव्वाचारला झाली. रडेचना, श्वासच नव्हता. आम्ही आशा सोडत आलो होतो... आणि एकदम शिंकली.” मग जरा रागानंच विचारलं, “दादा, एवढ्याशा जिवाचं नाक कुणी टोचलं? आणि बायका डावं टोचतात, हे उजवं कसं?”

मी बघितलं. मोहरीएवढं भोक. रक्त नाही, सूज नाही. जुनं, कडा भरून आलेल्या असाव्यात तसं.

डॉक्टर म्हणाले, क्वचित असतं जन्मतः. असेल. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच आईनं माझ्या नाकाकडे नीट पाहिलं.

घरी आल्यावर आईनं लेकीला धुरी दिली. खोली धुरानं भरली, रूपाली खोकायला लागली, माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वास मात्र आला नाही. आज थिनर येतो, फोडणी येते, सगळे वास येतात. ओवा तळहातावर चोळला तरी काही नाही. याचं उत्तर कुठल्याच डॉक्टरकडे मिळालं नाही.

लेक अकरा महिन्यांची झाली, खणखणीत आहे. माझ्या नाकाचं सगळे कौतुक करतात. आणि असल्या गोष्टींवरून उठून जाणारा मी... रोज अंघोळीनंतर तिचं डोकं धरून बसतो. आई त्या भोकातून कडुनिंबाची बारीक काडी फिरवते. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. पण आईचं झालं की मी तिला उजेडाकडे धरतो आणि भोक बुजलं नाही ना, ते स्वतः बघतो.