घोड्याची जागा

मैदानावर जुन्या मोटारी मांडल्या होत्या. आमच्या ह्यांना आता दिसत नाही. जन्मभर मोटारी दुरुस्त केल्या, म्हणून मी त्यांना हात लावायला घेऊन गेले. टांग्यासारख्या एका उंच गाडीची बैठक खालून चाचपत ते म्हणाले, "अगं, हिचं इंजिन इथं आहे. पुढं न्यायचं नंतर सुचलं. मग भार पुढं आला आणि पुढच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे जाड करावे लागले."

गाडीच्या पुढं काहीच नव्हतं. घोडा नुकताच सोडून नेल्यासारखी जागा. उन्हात बघता बघता मला ती गाडी माळावरून आपली आपण चाललेली दिसली, समोर नुसतं गवत.

लग्न झाल्यापासून हे पुढं चालायचे, मी मागं. आता चारचौघांत माझा खांदा धरायची ह्यांना लाज वाटते. त्यापायी कालच हे पायरीवरून पडले.

निघताना मी पुढं उभी राहिले. बऱ्याच वेळानं खांद्यावर हात आला.

"इंजिन पुढं गेलं म्हणायचं."

"गेलं. आता पाटे वाजतात. माझे गुडघे ऐका."

"मग खड्डे बघून चालव," ते म्हणाले.