उतरत्या पाण्याची वाट बघणारी आई: राधानगरी ते नृसिंहवाडी

"येतो की पुण्याला. पण आधी मला नदी दाखव, वरनं खालपर्यंत. मग सांगतो कायमची येतो का न्हाई ते."

कोल्हापूरच्या बायका 'येते' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. माझी आईही तशीच. बाबा गेल्यापासून ती पंचगंगेजवळच्या गल्लीत एकटी राहते. एका पुरात तिला नावेतून बाहेर काढलं होतं, तेव्हापासून पावसाळाभर माझं कामात लक्ष नसतं. धरणातून सोडलेलं पाणी म्हणजे विसर्ग, सावध व्हायची ती इशारा पातळी, घर सोडायची ती धोका पातळी, हे शब्द मला पाढ्यांसारखे पाठ आहेत. आईला पुण्याला आणल्याशिवाय माझा जीव भांड्यात पडणार नव्हता. तिची अट ऐकली आणि गेल्या वर्षी जुलैअखेरीला गाडी काढली.

ज्यांना पावसाळ्यात हा प्रवास करायचाय त्यांनी एक लक्षात ठेवा: हायवेचं रुंदीकरण चालू आहे, वळणरस्ते फार, तेव्हा जेवायला कोल्हापुरात पोचू या भ्रमात राहू नका. मी कऱ्हाडला थांबून पिठलं-भाकरी खाल्ली आणि तरी वाटभर चिडचिड केली. घरी पोचले तर आईनं गहू-तांदळाचे डबे माळ्यावर चढवलेले, गादी दोरीनं बांधून वर टांगलेली, आणि स्वतः ताजी पावडर लावून दारात उभी.

"चल, पाणी बघून येऊ."

बाहेरच्यांना हे पटत नाही, पण नदी चढली की कोल्हापूरकर सहकुटुंब पाणी बघायला जातात. पुलाच्या अलीकडे गाड्यांची रांग, कणसं भाजणारे, भज्यांचा वास. कठड्याशी दोन म्हाताऱ्यांची जुंपली होती.

"मच्छिंद्री झाली काय वो?"

"कुठली? अजून हातभर हाय."

"चष्मा पूस की जरा!"

जुन्या पुलाच्या दगडात माशासारखा एक आकार आहे. तिथं पाणी टेकलं की मच्छिंद्री झाली. सरकारी पातळी फुटात मोजतात, गावाची ही अशी. आई भजी खात निवांत पाण्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. एवढ्या पाण्यापुढे कुणाला भजी गोड कशी लागतात, हे मला कोल्हापुरात जन्मूनही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी राधानगरी. शहरातून निघून उसाच्या रानांतून जाणारा रस्ता, पुढे भाताची खाचरं, मग झाडी. खड्डे पाण्याने भरलेले असतात, त्यामुळे खोली कळत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये चला आणि रेनकोट हाताशी ठेवा. धरणाजवळ जाऊ देत नव्हते, लांबूनच बघायचं. इथले दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, कुणाला विचारायला जात नाहीत. खाली पांढरंशुभ्र पाणी कोसळत होतं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू.

चहाच्या टपरीवर मालकानं विचारलं, "पावणं कुठलं?"

"कोल्हापूरचंच," आई म्हणाली. "किती दारं उघडल्यात?"

"सकाळपतूर दोन हुती. आता आणखी उघडल्यात."

"म्हंजे उद्या आमच्या गल्लीत," आई म्हणाली आणि अजून एक चहा सांगितला.

माझा चहा तसाच राहिला. घरातलं उरलेलं सामान हलवायचं, आईचे कपडे भरायचे, आजच्या आज पुण्याला निघायचं, असं माझं सुरू झालं. परतताना म्हणूनच जवळचा रस्ता धरला. तो एका बंधाऱ्यावरून जातो. कोल्हापुरी बंधारा म्हणजे नदीत ओळीनं दगडी खांब आणि मधल्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या. त्या फळ्यांना बरगे म्हणतात. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवायचं, पुढच्या पावसाआधी काढून नदी मोकळी करायची. माथ्यावरून रस्ता. 'बंधारा पाण्याखाली' अशी बातमी वाचलीत तर त्याचा साधा अर्थ: तो रस्ता बंद.

बंद असेल हे मला ठाऊक होतं. तरी गेले. माथ्यावरून वीतभर पाणी वाहत होतं, पलीकडचं गाव समोर दिसत होतं. कडेला मोटरसायकल लावून उभा असलेला एकजण म्हणाला, "जाती की गाडी. मगाशी ट्रॅक्टर गेला."

मी गिअर टाकला. आईनं हँडब्रेक खेचला आणि किल्ली फिरवून काढूनच घेतली.

"ट्रॅक्टर हाय व्हय तुझी गाडी?" ती कडाडली. मग काच खाली करून त्या माणसाला, "आणि तू रं, तुझ्या बायकोला पाठवशील काय यातनं?"

तो हसत मोटरसायकल वळवून गेला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. आईला पाण्यातून वाचवायला आलेली मी तिलाच पाण्यात घालायला निघाले होते. "लांबनं जाऊ," आई म्हणाली. लांबच्या रस्त्यानं घरी पोचलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पाणी लागलं होतं. मुक्काम कोल्हापुरातच, मंगळवार पेठेत मावशीकडे केला.

सकाळी मी बॅगा गाडीत टाकल्या. "आता थेट पुणे."

"वाडी राहिली की."

वाडी म्हणजे नृसिंहवाडी, पंचगंगा कृष्णेला मिळते ती जागा. नदी खालपर्यंत दाखवायचं कबूल मीच केलं होतं. इचलकरंजीकडचा रस्ता बंद, म्हणून जयसिंगपूर-शिरोळवरून गेलो. निघण्याआधी फोन करून विचारा, इथले रस्ते सकाळ-संध्याकाळ बदलतात. पुढे कुरुंदवाडच्या बाजूला कृष्णा आणि पंचगंगा एकच झाल्या होत्या. रान, रस्ता, नदी, काही वेगळं कळत नव्हतं.

नृसिंहवाडीला पुराचं पाणी देवळात शिरून दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्यात लोक स्नान करतात. त्याला दक्षिणद्वार म्हणतात; ते पाणी चढताना एकदा होतं, उतरताना एकदा. आम्ही पोचलो तोवर पाणी त्याच्याही वर गेलं होतं. देव वरच्या जागी हलवलेले.

"चढता झाला परवा," पेढ्यांच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या. "आता उतरता दक्षिणद्वार हुईल, त्याला या."

आईनं हात जोडले. तिथंच उभं राहून कवठाची बर्फी खाल्ली, मलाही भरवली. मग म्हणाली, "उतरत्याला थांबायचं."

"इथं?"

"घरात."

मी भांडले. परतीच्या वाटभर भांडले. आई खिडकीतून ऊस बघत बसली.

दोन दिवस मावशीकडेच काढले, मग तिनं मला पहाटेच हलवलं. "ऊठ. पाणी उतरालंय."

आम्ही पोचलो तेव्हा गल्लीत गुडघाभर पाणी होतं आणि सगळी गल्ली त्यात उतरली होती. बायका पदर खोचून, पुरुष चड्ड्यांवर, हातात खराटे. मला वाटायचं, पाणी पूर्ण गेलं की घर धुवायचं. तसं नसतं. पाणी उतरत असतानाच त्यातला गाळ ढवळायचा आणि पाण्याबरोबर दाराबाहेर लोटायचा. नदीनं आणलेला गाळ नदीलाच न्यायला लावायचा. तो एकदा फरशीवर वाळला की खोऱ्यानं खरवडावा लागतो, भिंतींना महिनाभर वास राहतो. चार तास उशीर झाला की घर गेलं म्हणायचं.

पुढच्या खोलीत आई, मागच्या खोलीत मी. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ओरडत होत्या, "ढवळ, ढवळ, थांबू नकोस!" पाठीचा काटा ढिला झाला. पाणी उंबऱ्याखाली गेलं तेव्हा फरशीची नक्षी दिसायला लागली. आई उंबऱ्यावर बसली.

"मी येत न्हाई पुण्याला," ती म्हणाली. "मी तिकडं असलो तर हे कोण करणार? शेजारीण तिचं बघंल का माझं?"

"आणि मी? मी तिकडे प्रत्येक पावसाळ्यात मरत बसू?"

"पाणी चढताना तू येऊ नकोस," ती म्हणाली. "चढताना काय करायचं असतं? वर जाऊन बसायचं, ते मला येतं. उतरताना ये. तवा माणूस लागतंय."

मला राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. पुण्याला परतून सोसायटीत गाडी धुतली तर पायपुसण्यांतून लाल गाळ निघत राहिला. लोक विचारतात, ट्रिप कशी झाली. राधानगरी बघा, सांगते, वाडीला कवठाची बर्फी खा, बंधाऱ्यावर गाडी घालू नका. आई का आली नाही, हे सांगताना मात्र अडखळते. तिला तिथून हलवावं असं मला अजूनही वाटतं. पण ती उगाच आडमुठेपणा करत नव्हती, हे त्या गुडघाभर पाण्यात कळलं. तिला पुरातून काढणारं कुणी नको होतं, पुरानंतर शेजारी उभं राहणारं हवं होतं.

या वर्षीही पाणी आलं. ती मावशीकडे गेली होती. इतक्या वर्षांत पुराच्या दिवसांत तिनं आपणहून कधी फोन केला नव्हता, दरवेळी मीच करायचे. एका सकाळी मी ऑफिसात असताना तिचा आला. हॅलो नाही, काही नाही.

"उतराय लागलंय. निघ."

मी साहेबांना विचारायला थांबले नाही.