न शिवलेलं ताट

श्रीलंकेतल्या गॉलला दोन-चार दिवस जायचं आणि नुसतं खायचं, असं आमचं ठरलं. रविवारी दुपारी माझी बायको सुलभा मला फोनवर तिथल्या खाणावळींचे फोटो दाखवत होती. एका फोटोत जुन्या तटबंदीला लागून टेबल होतं, त्यावर भाताचं ताट आणि माशाचं काळं, आंबट कालवण. माणूस कुणीच नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर एक कावळा बसला होता. ताटाला मात्र तो शिवला नव्हता.

बाबा तरुणपणी बोटीवर होते. एका कानाने कमी ऐकू येई, म्हणून मान तिरकी करून ऐकायचे, आणि पानावर बसले की गॉलच्या त्या कालवणाची आठवण हमखास काढायचे. त्यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. काकांनी हात जोडले, "दादा, घराचं बघतो, वहिनींना सांभाळतो." कावळे फांदीवरून हलले नाहीत. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही सुटलो. गेलेल्या माणसाची इच्छा आपण उगाच मोठी धरून चालतो. वाटीभर कालवणाचं वचन द्यायचं कुणालाच सुचलं नाही.

"मग टेबल दोघांचंच सांगू ना?" सुलभाने विचारलं.

मी फोटो मोठा केला. भरल्या ताटाकडे पाठ फिरवून कावळा मान तिरकी करून सरळ आमच्याकडे बघत होता.

"तिघांचं सांग," मी म्हणालो.

तिसरं कोण, हे सुलभाने विचारलं नाही. ती मान तिनेही ओळखली होती.