रिलेतली चौथी

लोर्ना हॅल्डमन वर्षाचे नऊ महिने शाळेची पिवळी बस चालवायची आणि उरलेले तीन महिने खऱ्या अर्थाने जगायची. जूनमध्ये शाळा सुटली की गळ्यात शिट्टी अडकवून ती फर्न क्रीक वस्तीच्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभी. समोर अंगाला क्रीम फासलेली वस्तीतली पोरं, थंड पाण्यात उतरायला नखरे करणारी. संघाचं नाव ओटर्स, म्हणजे पाणमांजरं. "चला रे पाणमांजरांनो! पाणी चावत नाही!" तिचा आवाज रस्त्यापलीकडच्या घरांत ऐकू जायचा. तिचं स्वतःचं घर मात्र रिकामं होतं. लग्न केलं, ते मोडलं, मूलबाळ नाही. त्याबद्दल ती कधी बोलत नसे.

कोरिन तिच्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती आणि पाण्याला इतकी भ्यायची की लोर्नाचा हात सुटला की किंचाळायची. लोर्नाने तो अख्खा उन्हाळा कमरेइतक्या पाण्यात उभं राहून काढला. पुढच्या उन्हाळ्यात पोरगी मासोळी झाली. टिली, प्रू, हिमेना आणि कोरिन अशी चौघींची रिले जमली. शेवटचा टप्पा कायम कोरिनचा.

मग शहरातल्या क्लबने तिला उचललं. क्लबचं पोहणं बारमाही. उन्हाळ्यात ती पहाटे क्लबमध्ये घाम गाळायची आणि तशाच ओल्या केसांनी, हातात अर्धा खाल्लेला बेगल पाव घेऊन लोर्नाकडे यायची.

"अगं, झोपतेस कधी?"

"गाडीत, कोच. आई चालवते, मी घोरते."

क्लबचा प्रशिक्षक स्टाउट म्हणायचा, वस्तीतलं पोहणं म्हणजे पिकनिक. ते काही खोटं नव्हतं. डोनटची खोकी, तंबू, पोरांच्या दंडांवर मार्करने लिहिलेले शर्यतींचे आकडे आणि शेवटून पहिल्या आलेल्यालाही रिबीन. पण कोरिन हसायची ती तिथेच.

ती चौदाची झाली त्या जुलैत दोन्ही स्पर्धा एकमेकींवर आदळल्या. क्लबची राज्यस्पर्धा तीन तासांच्या अंतरावर, आणि त्यातला शनिवार नेमका वस्त्यांच्या आपसांतल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीचा. त्यातून टिलीचे आईवडील ऑगस्टमध्ये ओरेगॉनला कायमचे चालले होते. म्हणजे चौघींची ही शेवटची रिले.

कोरिनने तोडगा काढला होता. "शुक्रवारी तिकडे पोहते, मग घरी येते. शनिवारी सकाळी रिले, दुपारी परत तिकडे. बघ, जमतंय!"

लोर्नाचा जीव सुखावला. पण त्याच दिवशी कोरिनची आई डनीस तिला गाडीपाशी गाठून म्हणाली, "लोर्ना, शनिवारी सकाळी ती तिथे नसली तर स्टाउट तिला क्लबच्या रिलेतून काढणार आहे. आणि तिचा खांदा दुखतोय गं. बर्फ लावून झोपते. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल."

"मी काय सांगू तिला?"

"काहीही सांग. पण येऊ देऊ नकोस."

लोर्ना पोरीला ओळखून होती. 'तू तिकडेच जा' म्हटलं असतं तर ती हट्टाने इकडे आली असती. म्हणून दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर ती कोरिनला म्हणाली, "रिलेला तुझ्या जागी मी नॅडीनचं नाव दिलंय."

कोरिन हसली. "थट्टा करतेस."

"नाही. दमलेली पोरगी घेऊन मी काय करू? मला जिंकायचंय."

"पण मी येतेय म्हटलं ना!"

"नको येऊस."

कोरिनने पिशवीतून ओटर्सची हिरवी टोपी काढली, नीट घडी करून बाकावर ठेवली आणि निघून गेली. लोर्ना शिट्टी हातात घट्ट धरून उभी राहिली.

शनिवारी नॅडीन जिवाच्या आकांताने पोहली. तरी ओटर्स चौथे आले. तिघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. ओल्या टॉवेलमधून प्रूने विचारलं, "ती येणार होती. तूच नको म्हणालीस. का?"

लोर्ना तंबूच्या खुंट्या उपटायला लागली.

तिकडे कोरिन इतकी वाईट पोहली की स्टाउटने घड्याळ खिशात टाकलं. लोर्ना तिच्या घरी गेली, तर ती खोलीबाहेर आली नाही. थंडी पडायच्या आत तिने क्लबही सोडला.

पुढच्या उन्हाळ्यात ती चौकातल्या आइस्क्रीमच्या खिडकीत कामाला लागली. लोर्ना एका दुपारी रांगेत उभी राहिली. नंबर आला तेव्हा म्हणाली, "कोरिन, त्या दिवशी मी खोटं बोलले. तुझ्या खांद्यासाठी..."

"आईने सांगितलं मला. केव्हाच." कोरिनच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. पूर्वीचं 'तू'ही आता राहिलं नव्हतं. "मला विचारलं असतंत तर कदाचित गेलेही असते तिकडे. पण तुम्ही विचारलंच नाहीत. ती रिले मी जिंकायला नव्हते येणार हो. तुमच्यासाठी येणार होते."

मागच्या माणसाने घसा खाकरला.

"कप की कोन?" कोरिनने विचारलं.

लोर्नाने काहीतरी सांगितलं. गाडीत बसल्यावर आइस्क्रीम वितळून मनगटावरून ओघळलं, तरी तिचं लक्ष नव्हतं.

त्यानंतरही बरेच उन्हाळे ती तलावावर उभी राहिली. पोरं येत राहिली, भ्यायची, शिकायची. डनीस कधी दुकानात भेटली की खबर सांगते: कोरिन आता ओहायोत शिकते, मित्रमैत्रिणींबरोबर समुद्रावर जाते. सगळे लाटांत शिरतात आणि ही सगळ्यांच्या चपला सांभाळत वाळूत बसून राहते. लोर्ना ऐकून घेते, "बरी आहे ना, मग झालं," म्हणते आणि दुधाचा कॅन उचलून पैसे द्यायच्या रांगेत जाते.