जांभळी रेघ

"आधी रंग बघा, मग नंबर वाचा," असं म्हणत आमचे भाऊसाहेब कानावरची पेन्सिल काढायचे. एका कानावर निळी असे, दुसऱ्यावर जांभळी. चष्म्याच्या काड्यांना जागा कशी उरायची, देव जाणे.

परभणीतल्या आमच्या कचेरीच्या रेकॉर्ड रूमचे ते कारकून. एका फायलीत दुसऱ्या फायलीचा नंबर आला की ते त्याखाली निळी रेघ मारत. म्हणजे ती फाइल अजून बघायची आहे. बघून झाली की त्याच रेघेवरून जांभळी फिरवत. रेघ किती जाड, किती लांब, याचा तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवलेला होता. नव्या माणसाला आठ दिवस तेवढंच गिरवावं लागे. मीही दातओठ खात गिरवलंय.

घरीसुद्धा हेच. पेपरात 'उर्वरित पान सहावर' दिसलं की खाली निळी रेघ. ती जांभळी झाली की वहिनी आंघोळीचं पाणी काढत.

तुम्हीही हसाल. आम्ही तर रोज हसायचो. पण राणीसावरगावच्या एक बाई हसत नसत. त्यांचे यजमान आमच्याकडे शिपाई होते, नोकरीतच वारले. पेन्शनचे कागद सात फायलींत विखुरलेले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या दिवसांत एस.टी. कधी बंद पडेल याचा नेम नसे, तरी बाई दर महिन्याला यायच्या, यजमानांची फाइल उघडायला लावायच्या आणि जांभळ्या रेघा बोटानं मोजायच्या.

मग नवे साहेब आले. फायलींची रंगपंचमी त्यांना खपली नाही. सगळ्या रेघा काळ्या करा, असा हुकूम निघाला. भाऊसाहेबांनी तोंड पाडून तो पाळला.

पुढच्या खेपेला बाई फाइलकडे बघतच राहिल्या. "समदं एकसारखंच दिसायलंय की, भाऊसाहेब."

"आमी वाचून दाखवू ना तुमाला."

"तुमी वाचाल. मला बघायचं हाय."

त्या दुपारी भाऊसाहेबांनी ती एकच फाइल पुन्हा रंगवली. साहेबांनी लेखी खुलासा मागवला. रिटायरमेंटला दोन महिने राहिलेले, म्हणून माफी मागून मोकळे व्हा, असं आम्ही त्यांना सांगितलं. भाऊसाहेबांनी एवढंच लिहिलं, की ही फाइल जिची आहे तिला वाचता येत नाही. साहेबांनी कागद वाचला, परत दिला आणि ती फाइल तशीच राहू दिली.

पेन्शनची ऑर्डर आली तेव्हा भाऊसाहेब रिटायर होऊन गेले होते. मी बाईंच्या हातात कागद ठेवला, काम झालं म्हणालो. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. "ह्याच्यात जांभळी कुठंय?"

ऑर्डरवर रेघ नसते, हे समजावून मी थकलो. बाई बाकावरून हलेनात. शेवटी त्यांची फाइल काढली. सातवी रेघ निळीच राहिली होती. तिच्यावरून मी जांभळी फिरवली. भाऊसाहेबांची त्या क्षणी फार आठवण आली.

"वाकडी आली," बाई म्हणाल्या, "पण झाली." पदरानं डोळे पुसून त्यांनी ऑर्डरची घडी घातली आणि भाऊसाहेबांच्या घराचा पत्ता विचारला.